वाफेच्या युगातील हातछपाई

१५ नोव्हेंबर १८८८ ची संध्याकाळ. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील न्यू गॅलरीत कला आणि कारागिरीचे प्रदर्शन भरले होते. त्या निमित्ताने एमरी वॉकर या मुद्रणतज्ज्ञाने मुद्रणकलेवर व्याख्यान दिले. वॉकर स्वभावाने संकोची होते, पण त्यांच्याबरोबर मॅजिक लँटर्न होता. पंधराव्या शतकात छापलेल्या पुस्तकांची पाने त्यांनी पडद्यावर कितीतरी पटींनी मोठी करून दाखवली. एरवी डोळ्यांना जेमतेम दिसणारी अक्षरांची वळणे भिंतीएवढी झाली. श्रोत्यांत चोपन्न वर्षांचे विल्यम मॉरिस बसले होते. कवी, नक्षीकार, विणकर, रंगारी आणि समाजवादी चळवळीतील वक्ते अशी त्यांची ख्याती तोवर सर्वदूर झाली होती. व्याख्यान संपवून वॉकर यांच्याबरोबर घरी परतताना त्यांनी आपला बेत जाहीर केला. त्यांना नवा टाइप घडवायचा होता, आणि तोही चारशे वर्षांपूर्वीच्या रीतीने.

हा बेत काळाच्या प्रवाहाविरुद्ध होता. लंडनचे ‘टाइम्स’ १८१४ पासून वाफेच्या यंत्रावर छापले जात होते. चिंध्यांच्या लगद्याची जागा लाकडाच्या लगद्याने घेतली होती, त्यामुळे कागद स्वस्त झाला होता. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात खिळे जुळवण्याचे कामही लिनोटाइप यंत्राने हाती घेतले होते. या सगळ्यामुळे पुस्तक सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, हा लाभ मोठाच होता. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. शाई फिकी झाली, अक्षरे किरटी झाली आणि कागद काही वर्षांतच पिवळा पडून तुटू लागला. ज्या कामगिराला पूर्वी आपल्या कौशल्याचा अभिमान असे, तो यंत्राच्या वेगाबरोबर धावणारा मजूर बनला. मॉरिस यांना सर्वांत जास्त बोचत होती ती ही शेवटची गोष्ट.

मॉरिस यांचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी लंडनजवळच्या वॉल्थमस्टो येथे झाला. वडील लंडनच्या सराफी पेढ्यांत हुंड्यांचा व्यवहार करीत. डेव्हनमधील तांब्याच्या खाणीत त्यांचे समभाग होते आणि त्या खाणीने घरात अमाप पैसा आणला. लहानगा विल्यम खेळण्यातले चिलखत घालून तट्टावर बसे आणि एपिंगच्या जंगलात हिंडत असे. यंत्रयुगाच्या संपत्तीवर वाढलेल्या या मुलाचे मन मध्ययुगात रमले, हा विरोधाभास त्यांच्या आयुष्याला अखेरपर्यंत चिकटून राहिला.

१८५३ मध्ये ते ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात दाखल झाले. तेथे एडवर्ड बर्न-जोन्स हा जन्माचा मित्र लाभला. बॉडलियन ग्रंथालयातील सोनेरी वर्ख लावलेल्या हस्तलिखितांपुढे हे दोघे तासन् तास बसत. जॉन रस्किन यांचे गॉथिक शिल्पावरील विवेचन त्यांनी याच काळात वाचले. जुन्या इमारतींचे सौंदर्य ती घडवणाऱ्या गवंड्याच्या आणि पाथरवटाच्या स्वातंत्र्यात आहे, हा रस्किन यांचा विचार मॉरिस यांनी आयुष्यभर उराशी बाळगला.

पुढे त्यांची एक पद्धतच ठरून गेली. लुप्त होत चाललेली एखादी कला दिसली, की तिच्याविषयी हळहळ व्यक्त करून ते थांबत नसत. जुनी पुस्तके शोधून, बाह्या सावरून ती कला स्वतः शिकत. १८६१ मध्ये त्यांनी मित्रांसह सजावटीच्या वस्तू बनवणारी कंपनी काढली. बाजारातले रासायनिक रंग त्यांना भडक वाटत, म्हणून १८७५ पासून ते लीक या गावी थॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत नीळ आणि मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांवर प्रयोग करू लागले. त्या दिवसांत त्यांचे हात निळेच असत. हे वॉर्डल भारतीय टसर रेशमाचे जाणकार होते. १८७९ मध्ये हॅमरस्मिथ येथील घरी मॉरिस यांनी निजण्याच्या खोलीतच उभा माग बसवला. पहाटे उठून त्यांनी पहिला चित्रपट विणला. त्यावर खर्च झालेल्या तासांची त्यांनी रोजनिशीत नोंद ठेवली असून ती बेरीज पाचशेच्या वर जाते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्मिंगहॅम येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी भारताचा मुद्दाम उल्लेख केला. इंग्रजी व्यापाराने हिंदुस्थानातील परंपरागत कला मोडीत काढल्या आणि सरकारी तुरुंगांत तयार होणाऱ्या स्वस्त गालिच्यांनी तेथील विणकरांचा धंदा बसवला, याबद्दल त्यांनी आपल्याच देशबांधवांना दोष दिला. हातमागाचा प्रश्न भारतात राजकीय चळवळीचा विषय होण्यापूर्वी पाव शतक आधीची ही गोष्ट आहे.

पुस्तकाचे वेड तर जुनेच होते. १८७० पासून काही वर्षे त्यांनी पिसाच्या लेखणीने चर्मपत्रावर सुंदर हस्तलिखिते तयार केली. त्यापूर्वी आपल्या काव्याची सचित्र आवृत्ती काढण्याचाही घाट त्यांनी घातला होता. बर्न-जोन्स यांनी चित्रे काढली, मॉरिस यांनी स्वतः लाकडी ठसे कोरले. पण छापून आलेल्या नमुन्याच्या पानात चित्र आणि अक्षर एकमेकांशी बोलेनात. प्रकल्प सोडून द्यावा लागला. ते अपयश वीस वर्षे मनात घर करून होते. न्यू गॅलरीतल्या पडद्यावर त्यांना त्याचे उत्तर दिसले. दोष ठशांचा नव्हता, उपलब्ध टाइपाचा होता.

जानेवारी १८९१ मध्ये हॅमरस्मिथला, राहत्या घराजवळच भाड्याच्या जागेत केल्मस्कॉट प्रेस सुरू झाला. ऑक्सफर्डशरमधील त्यांच्या आवडत्या गावाचे नाव त्याला दिले होते. यंत्र लोखंडी आल्बियन जातीचे होते. एका वेळी एक ताव, दांडा हाताने ओढून छापायचा. विल्यम बोडन या निवृत्त जुळाऱ्याला मॉरिस यांनी कामावर बोलावले. केंट परगण्यातील जोसेफ बॅचलर यांनी तागाच्या चिंध्यांपासून हातकागद बनवला. त्यासाठी १४७३ च्या सुमाराचा इटालियन कागद नमुना म्हणून समोर ठेवला होता. मनाजोगती काळीभोर शाई इंग्लंडात मिळेना, ती जर्मनीतील हॅनोव्हरहून आली. पानाच्या मांडणीचे नियमही मॉरिस यांनी जुन्या ग्रंथांवरून बांधले. समोरासमोरची दोन पाने मिळून एक घटक मानायचा. आतला समास सर्वांत अरुंद, वरचा त्याहून मोठा, बाहेरचा आणखी मोठा आणि खालचा सर्वांत रुंद. पहिले पुस्तक त्यांच्याच एका कथेचे होते. कागदावर त्याच्या अवघ्या २०० प्रती निघाल्या.

मात्र यंत्राशी कायमचा अबोला धरणारे सनातनी अशी त्यांची प्रतिमा रंगवली तर ती खोटी ठरेल. त्यांचा ‘गोल्डन’ टाइप तयार झाला तो छायाचित्रणाच्या मदतीने. व्हेनिसचे पंधराव्या शतकातील मुद्रक निकोलस जेन्सन यांच्या पुस्तकाची पाने वॉकर यांनी मोठी करून छायाचित्रित केली. मॉरिस यांनी ती अक्षरे पुन्हा पुन्हा गिरवली, त्यांचे वळण हातात मुरवले आणि मग नमुना बाजूला ठेवून आपली अक्षरे काढली. एडवर्ड प्रिन्स यांनी त्यांचे पोलादी छाप कोरले. बर्न-जोन्स यांची रेखाटनेही लाकडी ठशावर छायाचित्रणानेच उतरवली गेली. १८९० मध्ये लिहिलेल्या ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ या कादंबरीतील आदर्श समाजातही यंत्रे आहेत. कंटाळवाणी, शरीर झिजवणारी कामे ती करतात. ज्या कामात हाताला आनंद आहे ते माणसे स्वतःकडे ठेवतात. जुने की नवे, हा मॉरिस यांच्यापुढचा प्रश्न नव्हताच. कोणते काम यंत्राला द्यायचे आणि कोणते नाही हे ठरवण्याचा अधिकार काम करणाऱ्याचा असावा, एवढाच त्यांचा आग्रह होता.

खरी अडचण निराळीच होती. १८८३ मध्ये मॉरिस समाजवादी चळवळीत उतरले. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून ते भाषणे देत, ‘कॉमनवील’ हे स्वस्त पत्र चालवीत. १८८७ मध्ये ट्रॅफल्गर चौकातील मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्या मोर्चातही ते होते. अशा माणसाच्या छापखान्यातून निघणारी पुस्तके मात्र कामगार विकत घेऊ शकत नव्हता. केल्मस्कॉटच्या चॉसर ग्रंथाची किंमत २० पौंड होती आणि लंडनच्या जुळाऱ्याची आठवड्याची कमाई त्या वेळी सुमारे दोन पौंड होती. ज्या हातांनी तो ग्रंथ जुळवला, त्यांना तो घ्यायचा तर दहा आठवडे उपाशी राहावे लागले असते.

ही विसंगती मॉरिस यांना ठाऊक होती. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, चांगले काम महाग पडते याचा दोष कामाचा नाही, माणसाला चांगल्या कामाची ऐपत ठेवू न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे. समतेच्या समाजात प्रत्येक रस्त्याच्या टोकाला सार्वजनिक ग्रंथालय असेल, तेथे उत्तम छापलेली पुस्तके सर्वांना पाहायला व वाचायला मिळतील आणि ती घरात साठवण्याची गरज उरणार नाही, असे स्वप्न ते पाहत. १८९३ च्या प्रदर्शनात त्यांनी हातयंत्र मांडून प्रेक्षकांसमोर एक छोटे पुस्तक छापले आणि अडीच शिलिंगांना विकले. तरीही ही फट पूर्णपणे कधीच बुजली नाही. त्यांच्या टीकाकारांनी तिच्यावर बोट ठेवले आणि ते चुकीचे नव्हते.

चॉसरची छपाई ऑगस्ट १८९४ मध्ये सुरू झाली. ५५६ पाने, बर्न-जोन्स यांची ८७ चित्रे, कागदावर ४२५ आणि चर्मपत्रावर १३ प्रती. मॉरिस यांची प्रकृती ढासळत चालली होती. ग्रंथ आधी पुरा होतो की आयुष्य, अशी ती शर्यत होती. वेळ वाचवण्यासाठी त्यांनी हातयंत्रे वाढवली, पण हात सोडला नाही. ८ मे १८९६ रोजी छपाई संपली आणि जूनमध्ये बांधणी झालेली पहिली प्रत त्यांच्या हाती पडली. सप्टेंबरच्या अखेरीस जुन्या वाद्यांचे पुनरुज्जीवन करणारे अर्नोल्ड डोल्मेच आपले व्हर्जिनल घेऊन त्यांच्या घरी आले. पियानोच्या कितीतरी आधीच्या त्या तंतुवाद्यावर त्यांनी सोळाव्या शतकातील इंग्रजी रचना वाजवल्या. मॉरिस आनंदाने इतके हेलावले की दोन-तीन रचनांनंतर वादन थांबवावे लागले. ३ ऑक्टोबर १८९६ रोजी त्यांचे निधन झाले. शवपेटी लंडनहून रेल्वेने आली. स्टेशनापासून केल्मस्कॉटच्या दफनभूमीपर्यंत ती वेलींनी आणि विलोच्या डहाळ्यांनी सजवलेल्या शेतगाडीतून नेण्यात आली.

प्रेस १८९८ मध्ये बंद झाला, तोवर ५३ पुस्तके ६६ खंडांत निघाली होती. त्याची हातयंत्रे सी. आर. ॲशबी यांच्या एसेक्स हाऊस प्रेसकडे गेली. तेथून त्यांतील एक यंत्र कोलंबोत जन्मलेल्या आनंद कुमारस्वामी यांच्या हाती आले. १९०७-०८ मध्ये त्यांनी सिंहली कारागिरीवरचा आपला मोठा ग्रंथ इंग्लंडमधील एका खेड्यात, आपल्या देखरेखीखाली त्याच यंत्रावर छापून घेतला. प्रतींची संख्याही ४२५ च ठेवली. पुढे भारतीय कारागिराची बाजू जगापुढे मांडणाऱ्या या विद्वानाचा हा आरंभ होता. बर्मिंगहॅमच्या सभागृहात ज्या विणकरांविषयी मॉरिस तळमळीने बोलले होते, त्यांच्यापर्यंत त्यांचे यंत्र नाही, पण त्यामागचा विचार अशा वळणवाटेने पोहोचला.

त्या दशकात लाकडाच्या लगद्यावर छापलेली वृत्तपत्रे आज हात लावताच तुटतात. केल्मस्कॉटच्या पानांवरची शाई मात्र अजून काळी आहे आणि कागद अजून शुभ्र आहे. ती पाने आज लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत आहेत, जेथे ती कोणालाही विनामूल्य पाहता येतात. कामगारांच्या घरात मॉरिस यांची पुस्तके कधी पोहोचली नाहीत. पण त्यांच्या स्वप्नातील रस्त्याच्या टोकावरच्या ग्रंथालयाचे एक दार तरी अशा रीतीने उघडले गेले.