परळचे डॉ. हाफकिन



बुऱ्हाणपूरहून मुंबईला जाताना दादर सुटले की परळ लागते. तेथे हाफकिन संस्था आहे. तिचे नाव ज्यांच्यावरून पडले ते वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला.

ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना मेचनिकॉफ हे गुरू लाभले. 1882 साली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशींचा घेराव पडलेला दिसला. शरीरातील काही पेशी जंतूंना गिळतात, हा सिद्धांत त्यातून उभा राहिला. पुढे 1908 साली मेचनिकॉफ यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

ज्यू असल्यामुळे हाफकिन यांना स्वदेशात प्रगतीची वाट बंद होती. ते गुरूंमागोमाग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे जागा होती ती ग्रंथालयातील मदतनीसाची. दिवसाचे काम आटोपून ते प्रयोग करीत. 1892 साली त्यांनी पटकीची म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली आणि सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. 1893 साली ते भारतात आले.

1896 साली मुंबईत प्लेग शिरला. हाफकिन यांना तेथे बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत, थोड्याशा मदतनिसांसह त्यांनी काम सुरू केले. 10 जानेवारी 1897 रोजी प्लेगची लसही त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा झाली. लस घेतलेल्यांत रोग कमी आढळला. मेलेल्या जंतूंची ओळख शरीराला आधीच करून द्यायची, म्हणजे खरा शत्रू आला की शरीर तयार असते, हे त्या लसीमागचे तत्त्व.

यानंतर आली ती मोठी कसोटी. 1902 साली पंजाबातील मुल्कोवाल गावात एका बाटलीतून लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. वास्तविक बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी गावातच जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केलेला नव्हता. ही गोष्ट पटवून देण्यात वर्षे गेली. रोनाल्ड रॉस आदी वैज्ञानिक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. 1907 साली ते निर्दोष ठरले आणि पुन्हा भारतात कामावर आले. 1925 साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. 1930 साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

मेचनिकॉफ यांनी ज्या पेशींचा अभ्यास पुढे नेला, त्यांची एक नवी करामत 2004 साली बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतील वैज्ञानिकांनी दाखवून दिली. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, तशाच त्या जाळेही टाकतात. पेशीच्या केंद्रातील डीएनएची गुंडाळी उलगडते, तिला जंतुनाशक प्रथिने चिकटलेली असतात, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे ते धागे बाहेर पसरून जंतूंना अडकवतात. बहुतेक वेळा हे करताना ती पेशी स्वतः मरते. काही जंतूही हुशार असतात. ते डीएनए कापणारे रसायन सोडून जाळ्यातून निसटतात.

मात्र हीच जाळी गरजेपेक्षा जास्त पसरली तर रक्तात गुठळ्या होतात, फुप्फुसांना इजा पोहोचते. 2020 साली कोविडच्या गंभीर रुग्णांत हे दिसून आले. संधिवातासारख्या आजारांतही या जाळ्यांचा हात असतो. म्हणून जाळी केव्हा हवी आणि केव्हा थांबवावी, यावर संशोधन चालू आहे.

मुल्कोवालनेही हेच शिकवले होते. रक्षणासाठी आणलेली लस एका अस्वच्छ चिमट्यामुळे घातक ठरली. साधन चांगले असून भागत नाही, ते वापरणारा हातही जागरूक असावा लागतो.

राजपुऱ्यातील आपल्या मुलांनी प्रयोगशाळेत परीक्षानळी धुताना हे लक्षात ठेवावे. आणि कोणावर आरोप झाला तर पालकांनी व आम्ही शिक्षकांनी निकाल देण्याआधी चिमटा कोठे पडला होता, याचा शोध घ्यावा.

— प्राचार्य