मानवी मनाचे शोधक : सिग्मंड फ्रॉइड

आपलें मन आपणांस पूर्णपणें ठाऊक आहे, असें आपण सारे धरून चालतों. ह्या समजुतीस धक्का देणाऱ्या सिग्मंड फ्रॉइड यांचें चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यांत सादर करितों.

फ्रॉइड यांचा जन्म ता. ६ मे १८५६ रोजीं मोरेव्हियांतील फ्रायबर्ग गांवीं एका ज्यू लोकर-व्यापाऱ्याच्या घरीं झाला. बालपणींच ते व्हिएन्नास आले व १८८१ सालीं तेथें वैद्यकाचे पदवीधर झाले. पुढें पॅरिस येथें शार्को यांजपाशीं त्यांनीं असे रोगी पाहिले कीं, शरीरांत बिघाड नसतांही ज्यांचे हातपाय लुळे पडत. व्हिएन्नास परतल्यावर, कालांतरानें, ते अशा रोग्यांस कोचावर निजवून मनांत येईल तें बोलूं देत व आपण शांतपणें ऐकत. दडपलेल्या आठवणी व इच्छा मरत नाहींत; त्या रोगाच्या किंवा स्वप्नाच्या रूपानें वर येतात, असें त्यांचें मत बनलें. स्वप्नांवरील त्यांच्या ग्रंथाच्या ६०० प्रती खपावयास आठ वर्षें लागलीं. तरी ते डगमगले नाहींत.

१९२३ सालीं त्यांस जबड्याचा कर्करोग जडला. तीसांहून अधिक शस्त्रक्रिया सोसूनही त्यांची लेखणी थांबली नाहीं. १९३३ सालीं बर्लिनमध्यें त्यांचे ग्रंथ जाळण्यांत आले. १९३८ सालीं नाझींच्या जाचामुळें व्हिएन्ना सोडून ते लंडनला गेले व तेथेंच २३ सप्टेंबर १९३९ रोजीं निवर्तले.

त्यांचे अनेक सिद्धांत पुढील शास्त्रज्ञांनीं पुराव्याअभावीं नाकारले आहेत. परंतु दुःखिताचें बोलणें मध्येंच न तोडतां ऐकणें हाही उपचारच होय, ही त्यांची शिकवण टिकली. विद्यार्थिमित्रहो, अकारण चिडणारा सोबती भेटल्यास त्यास दोष देण्यापूर्वीं त्याचें ऐकून घ्या. पालकांसही आमची हीच विनंती आहे.