सर्पगंधा, केईएम आणि मेंदूतलं केमिकल : डॉ. रुस्तम वकील यांची गोष्ट

मूड चांगला असला की डोपामिन वाढलं, असं आपण रील्समध्ये रोज ऐकतो. पण अशी रसायनं मेंदूत नेमकं काय करतात, हे कळायला एका झाडाच्या मुळीची मोठी मदत झाली. ती मुळी जगासमोर नेणारे डॉक्टर आपल्या मुंबईचे होते.

कोण होते डॉ. वकील?

रुस्तम जाल वकील यांचा जन्म 1911 चा, मुंबईच्या पारशी कुटुंबातला. वैद्यकीय शिक्षण लंडनला झालं. तिकडून परत येऊन ते परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये हृदयरोगाचं काम करू लागले. त्या काळात हाय ब्लडप्रेशरवर धड औषधच नव्हतं. पेशंटला आराम करा, मीठ कमी करा, एवढंच सांगता यायचं.

सर्पगंधा ही वनस्पती कोकणासह सह्याद्रीच्या जंगलांतही आढळते. आयुर्वेदात आणि गावठी औषधांत तिची मुळी जुनीच. बिहारकडे तर तिला ‘पागल की दवा’ म्हणत. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये तिच्यावर लिहिलं होतं, पण बाहेरच्या जगाने फारशी दखल घेतली नाही.

वकिलांनी वेगळं काय केलं? गोळी देऊन फक्त बरं वाटतंय का, असं विचारलं नाही. 50 पेशंटना औषध देऊन प्रत्येकाचं बीपी वारंवार मोजलं, नोंदी ठेवल्या. 1949 मध्ये हा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला आणि चक्रं फिरली. अमेरिकेत बोस्टनचे डॉक्टर ही मुळी वापरू लागले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातलं मुख्य रसायन वेगळं काढलं : रिसर्पिन. 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मानसिक आजाराच्या पेशंटवर वापरल्याचे निष्कर्ष मांडले. 1957 चा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला. पुढच्याच वर्षी वकिलांना पद्मभूषण मिळालं.

मेंदूत होतं काय?

मेंदूच्या पेशी एकमेकींना रसायनांतून मेसेज पाठवतात. डोपामिन, सेरोटोनिन ही त्यातलीच. पेशीच्या टोकाला बारीक पिशव्यांत त्यांचा साठा असतो. रिसर्पिन या पिशव्या भरणारा पंपच बंद करतं. बाहेर राहिलेलं रसायन नष्ट होतं. फोन चालू, नेटवर्क फुल, पण डेटा पॅक संपला, असं समजा.

1957 मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे हलेनासे झाले. मग डोपामिन ज्यापासून बनतं ते लेवोडोपा दिलं, आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिनचा हालचालीशी संबंध आहे, हे यातून उलगडलं. पार्किन्सनवर आजही लेवोडोपा हेच मुख्य औषध आहे. कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल मिळालं.

आज काय?

रिसर्पिनने काही पेशंट उदास होतात, असं दिसलं होतं. त्यावरून रसायन कमी म्हणजे डिप्रेशन, हा सोपा हिशोब मांडला गेला. आज संशोधक तो अपुरा मानतात. रिसर्पिनचा वापरही खूप कमी झाला. पण तोच पंप अडवणारी नवी औषधं आता हंटिंग्टनसारख्या आजारांत अंगाच्या अनावर हालचाली आवरायला वापरतात.

डॉ. वकील 1974 मध्ये गेले.

लक्षात ठेवा

रोहा-पेणला राहत असाल किंवा मुंबईत, सर्पगंधाची मुळी किंवा पावडर ‘नॅचरल आहे’ म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका. ती बीपी आणि मूड दोन्ही धोकादायकरीत्या खाली नेऊ शकते. शिवाय अति तोडीमुळे हे झाडच धोक्यात आलंय. बीपी असो की उदासी, आधी डॉक्टरांना भेटा. मुळीचं औषध झालं ते कुणीतरी नीट मोजून पाहिलं म्हणून.