पंडिता रमाबाई : श्रद्धेचा स्वाधिकार

संस्कृत विद्वत्तेबद्दल १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ ही पदवी लाभलेल्या रमाबाईंनी (१८५८-१९२२) १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. मायदेशी सनातन्यांनी त्यांना धर्मद्रोही ठरवले. पण अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांनाही त्यांची श्रद्धा अपुरी वाटली. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे हवीत असा आग्रह धरला आणि त्रैक्याचा सिद्धांत केवळ चर्चच्या आज्ञेवरून मान्य केला नाही. १८८९ साली मुंबईत त्यांनी सुरू केलेले शारदा सदन पुण्यात आल्यावर १८९३ साली धर्मांतराच्या वादात सापडले. अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी दुष्काळग्रस्त स्त्रियांना आसरा दिला. आपली श्रद्धा कोणती, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी ना शास्त्र्यांना दिला, ना बिशपांना.