लक्ष्मीबाईंची भरली घागर



या अंकात आम्ही ज्यांची ओळख करून देणार आहोत, त्या बाई कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर पतीने त्यांना अक्षरे शिकवली, पण जोडाक्षरांनी त्यांना पुढेही बराच त्रास दिला. तरीही मराठीतील उत्तम आत्मचरित्रांची नावे काढली की त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे नाव हटकून पुढे येते. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. तुमच्यापैकी काहींनी या पुस्तकातला एखादा उतारा पाठ्यपुस्तकात वाचलाही असेल आणि वाचताना हसू आवरले नसेल.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले, गाव नाशिकजवळचे जलालपूर. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्याचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर इतका परिणाम झाला, की त्यांना सोवळ्याओवळ्याचे वेडच लागले. बाहेरून येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असा दंडक होता. विटाळाच्या या धाकात ही मुलगी वाढली. पुढचे समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवावे.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक कवी, संस्कृतचे जाणकार, स्वभावाने उदार आणि तितकेच लहरी. खिशात पैसा टिकत नसे आणि एका गावी पाय ठरत नसे. १८९३ साली ते राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांना हा प्रवास ओळखीचा वाटेल. गाडीत एका युरोपियन गृहस्थाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी ते फारसे मनावर घेतले नाही, पण पुस्तक वाचायला घेतले. ख्रिस्ताचे डोंगरावरील प्रवचन वाचल्यावर मात्र त्यांना ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरी त्यांनी आधी नीट काहीच सांगितले नव्हते. टिळकांविषयी आम्हांला अत्यंत आदर आहे, पण या मौनाचे समर्थन करावेसे वाटत नाही. नवरा ख्रिस्ती झाला, मूल लहान, आणि भोवतालचा समाज १८९५ चा. लक्ष्मीबाईंना मरणप्राय दुःख झाले. पंढरपूरला नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. या काळात त्या कविता करू लागल्या. दुःख सांगायला दुसरी जागा नव्हती, असे आम्हांला वाटते.

काही वर्षांनी त्या अहमदनगरला पतीजवळ आल्या. पण आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. त्यांनी धर्म बदलावा म्हणून टिळकांनी सक्ती केली नाही, ही त्यांची मोठी जमेची बाजू. आणि बदल झाला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने. माणसामाणसांत उच्चनीच देवाने केले की माणसांनी, हा प्रश्न त्यांना पडला आणि माणसांनीच केले, असे उत्तर मिळाले. मग त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. वडिलांच्या घरातला तो धाक आठवला, म्हणजे त्यांना किती मोकळे वाटले असेल याची कल्पना येते. त्यांच्या लिखाणात ख्रिस्ती श्रद्धेचा जो आनंद दिसतो, त्याचे मूळ आम्हांला या मोकळेपणात दिसते. त्या उपदेश फारसा करत नाहीत. स्वतःची फजिती सांगतात, पतीचीही सांगतात, आणि देवाचे उपकार सहज बोलता बोलता मानतात.

त्यांचे दिवस सुखाचे होते, असे मात्र कोणी समजू नये. घरात चणचण कायमची, त्यात टिळक वाटेल त्याला घरी घेऊन यायचे. नगरला प्लेग आला, तेव्हा लक्ष्मीबाईंनी रोग्यांची सेवा केली. घरात परकी मुले नेहमीच वाढत असत. त्यांतला एक मुलगा तुम्हांला चांगला माहीत आहे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि टिळकांनी त्याला आपल्याकडे नगरला आणले. हळवा, रुसका हा मुलगा लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलासारखा सांभाळला. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. ९ मे १९१९ रोजी टिळकही गेले. जेमतेम एका वर्षात लक्ष्मीबाईंनी दोघांना गमावले.

टिळकांनी मागे एक मोठे काम अर्धवट ठेवले होते. ख्रिस्ताची भक्ती मराठी माणसाने मराठी चालीवर, अभंग-ओव्यांत गावी, असा त्यांचा ध्यास होता. आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. ख्रिस्ताचे संपूर्ण चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले, पण अकरा अध्यायच हातून झाले.

ते पूर्ण कोणी करायचे? पंडितांची वाण नव्हती. पण लेखणी उचलली ती जोडाक्षरांशी झगडणाऱ्या या बाईंनी. वय उतरणीला लागलेले, प्रकृती तोळामासा. तरी त्यांनी एकदोन नव्हे, चौसष्ट अध्याय लिहिले! आपल्या हातून हे पुरे होईल की नाही याची खात्री नसताना रोज लिहायला बसणे, यालाच आम्ही आशा म्हणू. याच सुमारास ‘स्मृतिचित्रे’ही आकाराला येत होती. टिळकांच्या आठवणी म्हणून सुरू झालेल्या त्या लिखाणाचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, आणि वाचकांना टिळकांइतक्याच लक्ष्मीबाई आवडून गेल्या.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’चा शेवटचा, शहात्तरावा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ प्रकाशित झाला. लक्ष्मीबाईंच्या कवितांचे पुस्तकही त्यांच्या मागे निघाले. त्याचे नाव ‘भरली घागर’.