धीर देणारा मनोवैद्य : आल्फ्रेड ॲडलर

‘न्यूनगंड’ हा शब्द आज मराठी घरांत सहज वापरला जातो. परीक्षेत मागे पडलेल्या मुलाविषयी, चारचौघांत बोलण्यास कचरणाऱ्या मुलीविषयी तो हमखास उच्चारला जातो. मात्र या शब्दामागील विचार जगभर पोहोचविणारे व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड ॲडलर यांचे चरित्र फारसे परिचित नाही. हट्टी, भित्रे, खोटे बोलणारे किंवा शाळा बुडविणारे मूल दुष्ट नसते, ते धीर खचलेले असते, ही दृष्टी त्यांनी पालकांना व शिक्षकांना दिली. तिची मुळे त्यांच्या स्वतःच्या बालपणात होती.

७ फेब्रुवारी १८७० रोजी व्हिएन्नाच्या उपनगरात एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुडदुसामुळे लहानग्या आल्फ्रेडला नीट चालता येत नसे. आपण बाकावर जखडल्यासारखे बसलो आहोत आणि थोरला भाऊ मात्र मजेत धावतो-उड्या मारतो आहे, ही त्यांची अगदी आरंभीची आठवण होती. तो चार वर्षांचाही नव्हता, तोच त्याचा धाकटा भाऊ शेजारच्या बिछान्यात मरण पावला. पुढे आल्फ्रेडला न्यूमोनियाने गाठले. हा मुलगा हाती लागत नाही, असे डॉक्टरांनी वडिलांना सांगितले आणि ते त्या मुलाच्या कानी पडले. या आजारातून उठल्यावर त्याने आपणच डॉक्टर व्हायचे ठरविले.

शाळेतही त्याची वाट सोपी नव्हती. गणितात तो इतका कच्चा ठरला की, त्याला शाळेतून काढून जोडे शिवण्याच्या धंद्याला लावावे, असा सल्ला शिक्षकांनी वडिलांना दिला. वडिलांनी तो मानला नाही. पुढे एके दिवशी शिक्षकांनाही न सुटलेले उदाहरण या मुलाने वर्गात सोडवून दाखविले आणि त्याची गणिताची भीती पार गेली. ही हकीकत ॲडलर पुढे अनेकदा सांगत. एखादा विषय मुलाच्या रक्तातच नाही, असा निकाल मोठ्यांनी दिला की मूल त्यावर विश्वास ठेवते आणि प्रयत्न सोडते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

१८९५ मध्ये त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली. त्यांचा दवाखाना शहराच्या एका साध्या वस्तीत, प्राटर या करमणुकीच्या उद्यानाजवळ होता. तेथील कसरतपटू व खेळ करणारे कलावंत त्यांच्याकडे उपचारासाठी येत. त्यांपैकी काहींनी बालपणीच्या शारीरिक उणिवेवर मात करूनच हे सामर्थ्य मिळविले होते. उणीव माणसाला खाली खेचते, तशीच ती त्याला उभारीही देऊ शकते, हा विचार ॲडलर यांच्या मनात रुजला. १९०७ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला.

१९०२ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी त्यांना आपल्या अभ्यासमंडळात बोलाविले होते. तेथे ॲडलर नऊ वर्षे होते. पण दोघांचे विचार जुळले नाहीत. मनोविकारांचे मूळ फ्रॉइड दडपलेल्या कामप्रेरणेत शोधीत. ॲडलर यांच्या मते, आपण इतरांहून कमी आहोत ही बोच आणि त्यातून वर येण्याची धडपड अधिक मूलभूत होती. १९११ मध्ये ते मंडळातून बाहेर पडले. ‘वैयक्तिक मानसशास्त्र’ हे त्यांनी आपल्या विचारपद्धतीला दिलेले नाव. माणसाचे तुकडे न पाडता त्याच्याकडे एक अखंड व्यक्ती म्हणून, कुटुंब व समाज यांच्या संदर्भात पाहावे, असा या नावाचा अभिप्राय होता.

पहिल्या महायुद्धात ॲडलर सैन्याचे डॉक्टर होते. मनाने खचलेले सैनिक पुन्हा आघाडीवर जाण्यास योग्य आहेत काय, हे त्यांना ठरवावे लागे. या कामाने त्यांची झोप उडाली. युद्धानंतर व्हिएन्नात उपासमार होती आणि अनेक मुले पोरकी झाली होती. उद्ध्वस्त समाज नव्याने उभारायचा, तर माणसामाणसांतील आपलेपणाची भावना बालपणीच जोपासली पाहिजे, अशी ॲडलर यांची खात्री झाली होती. नगरातील नव्या राजवटीने शिक्षणसुधारणा हाती घेतली, तेव्हा ॲडलर व त्यांचे सहकारी शाळांमध्ये बालमार्गदर्शन केंद्रे चालवू लागले. पुढे अशी वीसहून अधिक केंद्रे झाली.

या केंद्रांची पद्धत आगळी होती. शिक्षक आधी मुलाची माहिती वाचून दाखवीत. मग ॲडलर पालकांशी आणि त्यानंतर मुलाशी सर्वांसमक्ष बोलत. उपस्थित शिक्षकांचेही त्यातून शिक्षण होई. मूल असे का वागते, यापेक्षा असे वागून ते काय मिळवू पाहते, असा त्यांचा प्रश्न असे. धाकटे भावंड आल्यावर पुन्हा अंथरूण ओले करू लागलेले मूल आईचे हरवलेले लक्ष मागत असते. वर्गात विदूषकी चाळे करणारा मुलगा अभ्यासात न मिळालेले स्थान हशा पिकवून मिळवीत असतो. शिक्षा केल्याने अशा मुलाची स्वतःविषयीची वाईट समजूत पक्कीच होते. म्हणून त्याला झेपेल असे काम द्यावे, त्याच्या प्रयत्नाची दखल घ्यावी आणि आपण इतरांच्या उपयोगी पडतो हा अनुभव त्याला द्यावा, असा त्यांचा उपाय होता. फाजील लाडही त्यांना मारझोडीइतकेच घातक वाटत, कारण दोन्हींमुळे मूल परावलंबी राहते.

१९३४ मध्ये ऑस्ट्रियात हुकूमशाही राजवट स्थिरावली आणि ही केंद्रे बंद पडली. ज्यू कुळात जन्मलेल्या ॲडलर यांनी तोवर आपले कार्य अमेरिकेत नेले होते. त्यांची थोरली कन्या व्हॅलेंटाइन सोव्हिएत रशियात होती. १९३७ च्या आरंभी तिची पत्रे थांबली. तिला अटक झाली होती, पण कुटुंबाला काहीच कळत नव्हते. असंख्य पालकांना धीर देणारा हा पिता त्या काळात स्वतः रात्री जागून काढीत होता. तरीही त्यांनी व्याख्याने सोडली नाहीत. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे २८ मे १९३७ रोजी सकाळी फिरावयास गेले असता ते रस्त्यावर कोसळले आणि मरण पावले. व्हॅलेंटाइन पुढे बंदिवासातच वारली.

ॲडलर यांची सर्वच मते काळाच्या कसोटीवर उतरली नाहीत. भावंडांतील क्रमावरून स्वभाव ठरतो, या त्यांच्या विचाराला नंतरच्या संशोधनाने फारसा दुजोरा दिला नाही. काही मुलांच्या अडचणींमागे मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण असते आणि तेथे केवळ धीर पुरत नाही, तज्ज्ञांचे साहाय्य लागते, हेही आता ज्ञात आहे. परंतु शाळेतच मुलांसाठी समुपदेशक असावा, पालक व शिक्षक यांनी मुलाविषयी एकत्र बसून बोलावे, या आज रुळलेल्या गोष्टींच्या आरंभीच्या प्रवर्तकांत ॲडलर यांची गणना होते. प्रगतिपुस्तकावरचा लाल शेरा पाहून हात उगारण्यापूर्वी, हे मूल कशामुळे खचले असेल, एवढा प्रश्न घरात विचारला जावा, एवढीच त्यांची पालकांकडून अपेक्षा होती. ज्या मुलाला जोडे शिवण्यास धाडण्याचा सल्ला मिळाला होता, त्याच्या वडिलांनी ती पूर्वीच पुरी केली होती.