जोतीराव फुले आणि मिशनची शाळा



महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांची शाळा मध्येच सुटली होती आणि एका मुसलमान शेजाऱ्याच्या आग्रहाने ती पुन्हा सुरू झाली, ही हकीकत आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. आई लहानपणीच वारली. वडील गोविंदराव यांचा फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा होता. मुलगा लिहावाचायला लागतो न लागतो तोच लोकांनी वडिलांचे कान भरले. त्यांनी जोतीरावांना शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले. पण मुलाची वाचनाची ओढ सुटली नाही. ती ओळखली उर्दू-फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ यांनी. दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले.

हा निर्णय सोपा नव्हता, हे ध्यानात घ्या. मिशनच्या शाळेत बायबल शिकवीत. १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा घाबरलेल्या पारशी पालकांनी आपली मुले तेथून काढून घेतली होती. मात्र याच शाळांचे दार माळ्याच्या मुलालाही उघडे होते. तेथे जोतीरावांना इंग्रजी आले, सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे ब्राह्मण मित्र लाभले आणि माणसाच्या हक्कांचा विचार कळला. १८४७ पर्यंत ते तेथे शिकले. त्यांनी विद्या घेतली, ख्रिस्ती धर्म मात्र स्वीकारला नाही.

पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात स्वतः मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोक खवळले, वडिलांचे घर सोडावे लागले. त्या कठीण काळात उस्मान शेख यांनी या दांपत्याला आसरा दिल्याचे सांगतात. शाळेच्या कामात सावित्रीबाईंना साथ देणाऱ्या फातिमा यांचा उल्लेख सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. मुसलमान मुले सरकारी शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठी वा इंग्रजीची आवड दिसत नाही, हेही त्यांनी त्याच निवेदनात नोंदविले. ज्या समाजातील एका मुन्शींनी त्यांना शाळेची वाट दाखविली, त्याच समाजाची मुले शाळेबाहेर होती! २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले.

पालकहो, आपल्या तेल्हारा परिसरात कपाशीच्या वेचणीला हात कमी पडतात, तेव्हा पहिली सुटते ती मुलांची शाळा. आणि सुटलेली शाळा पुष्कळदा कायमचीच सुटते. मुलीच्या बाबतीत तर दूरच्या कॉलेजचे नाव निघताच घरात काळजीचे बोलणे सुरू होते. अशा वेळी गोविंदरावांप्रमाणे आपला निर्णय बदलण्यात कमीपणा मानू नका. शेजारच्या घरातील मुलाची शाळा सुटलेली दिसली, तर मुन्शीजींप्रमाणे दोन पावले चालून त्याच्या वडिलांकडे जा. आणि विद्यार्थी मित्रांनो, ज्ञान कोठूनही मिळो, ते घ्या. घेतलेले स्वतःपुरते ठेवू नका.